रिकाम्या हाती न पाठवणारा शब्द

‘मोर्चेकऱ्यांची आश्वासनांवर बोळवण’ हे शीर्षक ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकाला नवं नाही. पाणी, रस्ते, कचरा, 2015 साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत आलेली 27 गावं. विषय बदलतात, शब्द तोच. तोंडदेखलं काहीतरी देऊन वाटेला लावलं, हा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. पण हा शब्द मुळात किती मायेचा आहे, हे कळलं की थक्क व्हायला होतं.

बोळवणं म्हणजे निघालेल्या पाहुण्याला थोडी सोबत करून निरोप देणं. सासरी निघालेल्या लेकीची बोळवण व्हायची: खणानारळानं ओटी भरायची, नवं लुगडं द्यायचं, शिदोरी बांधायची आणि वेशीपर्यंत सोबत चालत जायचं. माहेरपणाला आलेल्या गौरीचीही बोळवणच. कल्याणची सर्वांत गाजलेली कथाही बोळवणीचीच आहे. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं, तेव्हा सुभेदाराची सून कैदी म्हणून समोर आणली गेली आणि महाराजांनी साडीचोळी देऊन तिची सन्मानानं पाठवणी केली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कथेच्या ऐतिहासिकतेबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण लोकांना ‘बोळवण’ म्हणजे काय वाटत होतं, ते मात्र तिच्यात स्वच्छ दिसतं.

मग हा शब्द फिरला कसा? मला वाटतं, सगळी किमया ‘वर’ या एवढ्याशा शब्दयोगी अव्ययाची आहे. ‘साडीचोळी देऊन बोळवण केली’ हा मान. ‘आश्वासनावर बोळवण केली’ हा अपमान. क्रियापद तेच, जाणारा माणूसही तोच. हातावर ठेवलेली वस्तू तेवढी पातळ झाली. काहीतरी द्यायचं, ही रीत शब्दानं सोडलेली नाही. म्हणूनच तो इतका झोंबतो.

आणि हा एकटाच नाही. वागळे इस्टेटीत किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कोणाची नोकरी गेली, तर ‘त्याला नारळ दिला’ म्हणतात. ओटीतला, पूजेतला तोच नारळ! वाटाण्याच्या अक्षतांचं तर फारच नवल. कपाळीच्या ओल्या कुंकवावर तांदळाचा दाणा चिकटतो. वाटाणा लावून पाहा, घरंगळून खाली येतो. देवघरातल्या, लग्नघरातल्या वस्तूंनी माणसाला परत पाठवणारी ही भाषा आहे. खरोखर हात हलवत परतणाऱ्यासाठी तिनं वेगळा शब्द राखला आहे, ‘विन्मुख’. दारी आलेला याचक विन्मुख जाऊ नये, असं घरोघरी बजावलं जायचं.

ही वाटणी पारखायची असेल तर संध्याकाळी डोंबिवली स्टेशनाबाहेर उभं राहावं. रिक्षावाला ठिकाण ऐकतो, मानेनंच नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या 178 व्या कलमात या नकाराला दंड आहे. पण ‘त्यानं माझी बोळवण केली’ असं कोणीच म्हणत नाही. ‘भाडं नाकारलं’ एवढंच, कारण हातावर काहीच पडलेलं नसतं. ‘पुढे नाक्यावर मिळेल बघा दुसरी,’ असं तो म्हणालाच, तर मात्र बोळवण हा शब्द तिथेही चपखल बसेल.