मुंबईच्या विहिरींनी शिकवलेले

हिवताप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डबकी, गटारे आणि दलदल येते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईकरांचीही समजूत अशीच होती. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला होता. पण शहरात हा डास नेमका कुठे वाढतो, हे कळल्यावाचून पालिकेने पैसा कशावर खर्च करायचा?

डॉ. चार्ल्स बेंटली यांनी त्याचा तपास केला. त्यांचा अहवाल १९११चा. हिवताप वारंवार आला की पानथरी वाढते. म्हणून वस्तीतल्या मुलांची पोटे चाचपून, शंभरांत किती जणांची पानथरी वाढली आहे ते मोजायचे. आणि त्याच वस्तीत कोणत्या पाण्यात कोणत्या डासाच्या अळ्या आहेत, ते पाहायचे. अशा तपासातून बोट वळले ते घरोघरच्या विहिरींकडे आणि टाक्यांकडे. ‘ॲनोफिलीस स्टीफेन्सी’ हा डास चांगल्या, स्वच्छ पाण्यात वाढत होता.

पालिकेने विहिरी बुजवायला किंवा बंद करायला सांगितले, तेव्हा लोक दुखावले. अनेक हिंदू आणि पारशी घरांत विहीर पूजेची होती. पालिकेच्या सेवेतले रुस्तम मसानी यांनी या वादाच्या निमित्ताने जलपूजेच्या लोकसमजुती गोळा केल्या. त्यांचा ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हा ग्रंथ १९१८ साली आला. अळी कुठे आहे ते मोजणीतून कळते, पण झाकण लावायचे की काढायचे ते घरातली माणसे ठरवतात. त्यांची श्रद्धा समजून घेणे हेही धोरणाचेच काम. बारीक जाळीच्या झाकणातून ऊन आत जाते, डास जात नाही. असा मार्ग दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावरच सुचतो.

आता आपल्याकडे या. सौंसर-पांढुर्ण्यात उन्हाळा कूलरचा, आणि जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनासाठी गावोगावची माणसे येतात. डेंग्यूचा डासही साठवलेल्याच पाण्यात वाढतो: कूलर, हौद, टाकी, टाकून दिलेले टायर. धुराच्या फवारणीने उडणारे डास मरतात. कूलरमधल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायचे. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्महिने टिकतात, म्हणून कडा घासायच्याही.

शंभर घरे तपासली तर किती घरांत अळ्या सापडल्या, हा आकडा प्रत्येक वॉर्डाचा काढता येतो. फवारणीची मागणी करण्याआधी आपल्या नगरसेवकाला तो विचारा. अळ्या कशात सापडल्या, तेही विचारा. आणि मोजणारी बाई दाराशी आली, तर तिला मागच्या अंगणातल्या हौदापर्यंत जाऊ द्या.