पासवर्ड आहे, तरीही वाय-फाय तुटतं
लेखांक सहावा

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे एक ईमेल पोचला. तपासाचा माग थेट नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घरापर्यंत गेला. कनेक्शन त्या घरातलं, मेल मात्र त्यांच्या उघड्या वाय-फायवरून दुसऱ्याच कुणी पाठवलेला. पुढच्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीमच हाती घेतली. वाय-फायला पासवर्ड हवाच, हे आपल्याकडे तेव्हा खऱ्या अर्थाने पटलं.

त्या पासवर्डमागच्या सांकेतिकीकरणाबद्दल गेल्या आठवड्यात बोललो. पण त्याचं काम परक्याला आत येऊ न देणं एवढंच. ज्याला आत यायचंच नाही, फक्त तुमचं नेटवर्क बंद पाडायचं आहे, त्याचं काय? हा ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ हल्ला.

राउटर आणि मोबाइल यांच्यात आपल्या माहितीखेरीज व्यवस्थेचे छोटे संदेशही जात-येत असतात: ‘मी इथे आहे’, ‘मला जोडून घे’, ‘तुझी जोडणी संपली’. वाय-फायच्या मूळ मानकात (802.11) या संदेशांना ना सांकेतिकीकरण होतं, ना पाठवणाऱ्याची खातरजमा. सोसायटीच्या फलकावर कुणीही सही-शिक्क्याविना नोटीस लावावी आणि सगळ्यांनी ती मुकाट पाळावी, तसाच हा प्रकार. राउटरचा हार्डवेअर पत्ता हवेत उघडाच फिरत असतो. तो वापरून हल्लेखोर ‘जोडणी संपली’ असा खोटा संदेश पाठवतो. मोबाइल निमूट बाहेर पडतो, पुन्हा जोडला जातो, की पुन्हा तोच संदेश. डब्ल्यूपीए2 या वाय-फाय सुरक्षा पद्धतीचा कितीही लांब पासवर्ड ठेवा, इथे तो विचारलाच जात नाही.

याहून मुळातला दोष 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड तंत्रज्ञान विद्यापीठात सापडला. वाय-फायचं प्रत्येक उपकरण बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकतं. ती सतत व्यग्र भासवली, की टप्प्यातली सगळी उपकरणं वाट बघत थांबतात. त्यासाठी महागडा जॅमर नको, साधं वाय-फाय कार्ड पुरे. तेव्हा सर्वत्र असलेली 802.11बी उपकरणं यात सापडली. दोष मानकाच्या रचनेतच असल्याने सॉफ्टवेअर बदलून तो जाण्यासारखा नव्हता.

खोट्या संदेशांवर मात्र उपाय निघाला. 2009 च्या 802.11डब्ल्यू मानकाने महत्त्वाच्या व्यवस्था-संदेशांना पडताळणी दिली. डब्ल्यूपीए2 मध्ये ती ऐच्छिक राहिली. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए3 ने सक्तीची केली. मधली ती नऊ वर्षं मला फार खटकतात. उपाय हातात असूनही असंख्य राउटर त्याच्याविना विकले आणि बसवले गेले, आणि त्यांतले अनेक अजून चालू आहेत.

म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पीएमएफ’ (व्यवस्था-संदेशांच्या याच संरक्षणाचं नाव) किंवा ‘802.11डब्ल्यू’ शोधा. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवा. सगळी उपकरणं चालली तर सक्तीचं करा, कारण जुने फोन सक्तीनंतर जोडले न जाण्याची शक्यता असते. जॅमरने वाहिनीच गोंगाटाने भरली, तर मात्र पीएमएफचाही उपयोग नाही. त्यामुळे फाटकावरचा सीसीटीव्ही वाय-फायवर असेल, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत तो वायरवर घेण्याचा विषय जरूर मांडा. चोराला कॅमेरा फोडायची गरज उरलेली नाही.

पुढच्या आठवड्यात: 2017 मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम निकामी करणारा ‘ब्रिकरबॉट’.