कुंडीतले पाणी अडते कुठे?

गेल्या पावसाळ्यात मुलांबरोबर आम्ही शाळेच्या व्हरांड्यासमोर कुंड्या भरल्या. निचरा चांगला व्हावा म्हणून तळाशी चार बोटे खडी पसरली आणि वर चाळलेली माती घातली. निम्म्या कुंड्या झाल्या आणि खडी संपली. उरलेल्या कुंड्यांत भोकावर खापरीचा तुकडा ठेवून नुसती माती भरली. श्रावण संपेपर्यंत रोपांनी माना टाकल्या, त्या नेमक्या खडीवाल्या कुंड्यांत. उपटून पाहिले तर मुळे कुजलेली. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “खडीतून तर पाणी भराभर जाते ना? मग ते अडले कुठे?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून एक प्रयोग केला. तो तुम्हालाही वर्गात करता येईल. प्लास्टिकची पारदर्शक बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून टाका आणि तळाला पाच-सहा भोके पाडा. खाली ज्वारीच्या दाण्याएवढी, धुऊन वाळवलेली खडी ५ सेंटिमीटर आणि वर बारीक, कोरडी माती १० सेंटिमीटर भरा. आता चमच्याचमच्याने, सावकाश पाणी घाला. ओलीची गडद रेघ खाली सरकताना बाहेरून स्पष्ट दिसते. ती खडीपाशी पोचते आणि थांबते. आणखी पाणी घातले तरी खडी कोरडीच! वरची माती मात्र काळपट, मग चिखलासारखी चकचकीत होत जाते, आणि एकाएकी एखाद्या जागेवरून पाणी खडीत उतरते.

पाणी जमिनीत नुसते आपल्या वजनाने खाली जाते असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. मातीच्या कणांमधल्या बारीक फटी केशनलिकांप्रमाणे पाणी ओढून धरतात. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, तर ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर. फट जितकी बारीक, तितकी ओढ जास्त. खडीतल्या मिलिमीटरभर रुंद फटींची ओढ जेमतेम ३ सेंटिमीटरची. मातीशी रस्सीखेचीत ती हरणारच. माती जवळजवळ तुडुंब भरून तिची ओढ तेवढी कमी झाली, की मगच पाणी खडीत शिरते. म्हणजे खडीने निचरा वाढवला नाही. कुंडीच्या तळाशी राहणारा चिखलाचा थर तिने चार बोटे वर, मुळांपाशी आणून ठेवला.

मोठ्या फटींत हवा आणि बारीक फटींत पाणी, अशा स्थितीतल्या मातीला शास्त्रज्ञ असंपृक्त माती म्हणतात. पेरणीसाठी शेतकरी ज्याची वाट पाहतो तो वाफसा हा तिचाच एक प्रकार.

या मातीतल्या पाण्याचे गणित मांडायला बराच काळ लागला. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम केलेले अभियंता आंरी दार्सी यांनी १८५६ साली वाळूच्या नळकांड्यांवरच्या प्रयोगांतून नियम दिला: दाबाचा उतार जितका तीव्र, तितका प्रवाह मोठा. दोन्हींमधला गुणक म्हणजे वाळूची वाहकता. पण त्यांची वाळू पाण्याने पूर्ण भरलेली होती. अर्धवट ओल्या मातीत दाबाच्या जागी ओढ धरावी लागते आणि वाहकता ओलाव्याप्रमाणे बदलते, हे अमेरिकेच्या कृषिखात्यातले एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ साली दाखवले. त्याला पाण्याच्या जमाखर्चाची जोड देऊन लोरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ साली जे समीकरण मांडले, तेच आजही वापरतात.

समीकरणाला घाबरण्याचे कारण नाही. फळ्यावर मातीचा उभा स्तंभ काढा आणि त्याचे पाच थर पाडा. प्रत्येक थराचे खाते उघडा: वरून आले किती, खाली गेले किती, शिल्लक किती. थराथरांतली देवघेव ओढीतल्या फरकावर, गुरुत्वावर आणि वाहकतेवर ठरते. थोड्या वेळापुरता हिशेब करायचा, शिल्लक बदलायची, पुन्हा हिशेब करायचा. संगणक हेच करतो, फक्त हजारो थर आणि लाखो वेळा.

खरी मेख वाहकतेत आहे. माती सुकू लागली की आधी मोठ्या फटी रिकाम्या होतात, म्हणजे हमरस्तेच बंद होतात. मग वाहकता हजार पटींनी, कधी लाख पटींनी घसरते. खडीत तर ती फारच झपाट्याने घसरते. म्हणून भरलेली खडी मातीपेक्षा कितीतरी जास्त पाणी वाहून नेते आणि कोरडी खडी जवळजवळ काहीच नेत नाही. प्रवाह ओलाव्यावर ठरतो, ओलावा प्रवाहावर. या गुंत्यामुळे समीकरण कागदावर क्वचितच सुटते. शिवाय प्रत्येक मातीसाठी ओलावा आणि ओढ, ओलावा आणि वाहकता यांचे आलेख आधी मोजून घ्यावे लागतात.

याहून सोपे प्रतिमानही आहे: प्रत्येक थर म्हणजे एक भांडे, भरले की खाली सांडणारे. पिकाला पाणी कधी द्यावे याच्या अंदाजाला ते चालते आणि आम्हाला ते आवडतेही. पण आमच्या बाटलीपुढे ते साफ नापास झाले. त्याच्या मते खडीने पाणी अडवायलाच नको होते, कारण त्यात ओढ नावाची गोष्टच नाही.

रिचर्ड्सचे समीकरणही एका ठिकाणी अडखळते, आणि ते ठिकाण आपल्याकडे भरपूर आहे. मातीचा सांगाडा हलत नाही असे ते गृहीत धरते. सोलापूर-मराठवाड्यातली काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. पहिल्या जोरदार वळवाचे पाणी या भेगांतून थेट खाली जाते. तुमची शाळा अशा भागात असेल तर पावसानंतर लगेच भेगेशेजारी खणून पाहा: भेगेचा तळ ओला आणि मधले ढेकूळ कोरडे सापडण्याची शक्यता बरीच. संशोधक अशा वेळी भेगांसाठी वेगळे खाते उघडतात. फळ्यावरच्या स्तंभाशेजारी मुलांना तेही काढायला सांगा.