अजिंठा डोंगररांगेतील वाघ आणि भक्ष्याचा हिशेब

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात, वाघूर नदीच्या घळीत आहेत. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी तेथे पोहोचला तो वाघाच्या शिकारीच्या निमित्ताने, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे या रांगेतून वाघ नाहीसा झाला. मार्च २०२१ मध्ये मात्र सोयगावच्या पश्चिमेकडील गौताळा औट्रमघाट अभयारण्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून आलेला एक नर आढळला. तत्पूर्वी, २०१९ च्या अखेरीस, टिपेश्वरचाच दुसरा एक नर पूर्वेकडील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला होता. त्याच्या गळ्यातील रेडिओ-पट्ट्यामुळे त्याचा सुमारे तेराशे किलोमीटरांचा प्रवास ज्ञात आहे. त्याच्यासाठी एखादी मादी तेथे आणून सोडावी काय, असा विचार त्या वेळी झाला.

हा प्रश्न भावनेचा भासतो. वस्तुतः तो अंकगणिताचा आहे. एक वाघ वर्षाकाठी सुमारे पन्नास मोठी खुरी जनावरे मारतो. ही घट नव्या पिढीने भरून यावयाची, तर त्याने भक्ष्यसमूहाच्या साधारण दशांशाहून अधिक घेता कामा नये. म्हणजे एका वाघामागे सुमारे पाचशे जनावरे हवीत. बिबट्याचा वाटा निराळाच. ज्ञानगंगेचे क्षेत्र अवघे २०५ चौरस किलोमीटर आहे. मादी आली, बछडे वाढले, की तूट गुराढोरांवर पडणार. आणि मग वाघाचा कैवार घेणारा गावात कोणी उरणार नाही.

बंदिस्त अधिवासात काय घडते, हे गाउझे या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये सूक्ष्मजीवांवर प्रयोग करून दाखविले. आसऱ्याविना ठेवलेल्या नळीत भक्षकाने सर्व भक्ष्य फस्त केले व तो स्वतःही उपाशी मेला. बाहेरून ठराविक काळाने दोहोंची थोडी भर घातली, तेव्हाच दोन्ही समूह चढउतार होत टिकले. अमेरिकेतील आइल रॉयल बेटावर १९८० मध्ये सुमारे पन्नास लांडगे होते. रोग आणि निकटच्या नात्यातील प्रजनन यांमुळे २०१८ पर्यंत दोनच उरले, आणि मूस हरणांची संख्या मात्र भरमसाट वाढली. अखेर २०१८-१९ मध्ये तेथे एकोणीस लांडगे बाहेरून आणून सोडावे लागले.

आपल्याकडे ही भर वाघ स्वतःच पायी चालत घालीत आहेत. म्हणून मादी सोडण्यापेक्षा वाट राखणे अधिक शहाणपणाचे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गौताळा व ज्ञानगंगा यांच्या दरम्यान सोयगावचे डोंगर येतात. येथील अडचण अशी की, वाघाचे जे भक्ष्य, ते रोही व रानडुक्कर, शेतकऱ्याच्या कापसा-मक्याचे वैरी आहेत. त्यांची संख्या किती राहू द्यावी हे पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळते की नाही यावर पुष्कळसे अवलंबून राहील. निदान प्रत्येक ऋतूत ठरलेल्या वाटांवरून फिरून त्यांची मोजणी करणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज हाती घेता येण्याजोगे आहे.