लातूर पॅटर्नच्या आधीची शाळा

लातूर आणि नांदेड म्हटलं की आज बारावी, नीट आणि शिकवणी वर्ग आठवतात. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या काळात रुजलेल्या ‘लातूर पॅटर्न’नं मराठवाड्याच्या मुलांना मोठा आत्मविश्वास दिला. लेकरासाठी जमिनीचा तुकडा विकणारे आईबाप आपल्याकडे आहेत. पण सोळाव्या वर्षी मुलावर एवढा जीव टाकणारे आपण तिसऱ्या वर्षी त्याच्या शिक्षणाकडे किती बघतो?

याच वयासाठी ताराबाई मोडक यांनी आयुष्य वेचलं. 1892 चा जन्म, 1914 साली पदवी, राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद. ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. रोममध्ये 1907 साली माँटेसोरीबाईंनी गरीब वस्तीत सुरू केलेल्या बालगृहाचा विचार गिजुभाईंनी उचलला होता. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हिप्परगा, अंबाजोगाईच्या राष्ट्रीय विचारांच्या शाळा टिकवण्यातच इथल्या कार्यकर्त्यांची शक्ती जात होती. बालवाडीचा विचार इकडे उशिरा आला, तो त्यामुळेही.

दादरच्या यशावर ताराबाई थांबल्या नाहीत, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्याला परवडणार नव्हती. म्हणून 1945 मध्ये त्या बोर्डी या गावी गेल्या. तिथं त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही बाई हिमतीनं शिकून शिक्षिका झाली होती. बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या अंगावर धड कपडा नाही. मग बाईच वस्तीत गेल्या. तिथल्याच अंगणात मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणवाडी. बिया, शंखशिंपले, पानं, खडे, माती हीच साधनं. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा शिक्षकच कुरणात पोचला आणि कुरणशाळा उभी राहिली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण, अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांचं आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा. यातली शेवटची सेवा गावाच्या लेखी खरोखरच शेवटची राहिली. खिचडी शिजली की अंगणवाडी भरली, असं आपण मानून टाकलं.

मुखेड, कंधार, जळकोटकडचं ऊसतोड कुटुंब बघा. मुकादमाची उचल घेतलेली, दसऱ्यानंतर टोळी कारखान्याकडे निघते आणि तीन-चार वर्षांचं लेकरू बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर बसून जातं. नाव गावच्या हजेरीपटावर, पोर फडाशेजारच्या कोपीत. किनवटच्या पाड्यांवर गोंडी किंवा कोलामी बोलणारं मूल पहिल्याच दिवशी अनोळखी मराठी ऐकतं. ही मुलं कोसबाडच्या मुलांसारखीच आहेत आणि त्यांच्यासाठीचं उत्तरही तेच आहे: शाळेनं मुलापर्यंत जायचं, त्याच्या भाषेत बोलायचं, त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकवायचं.

हे करणारी बाई म्हणजे अंगणवाडी सेविका. सर्वेक्षण, वजनं, लसीकरण, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळं तिच्याच गळ्यात, आणि हाती पडतं ते मानधन. तिच्या ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला 2022 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानलं आहे. मग तो पाया घालणाऱ्या बाईला शिक्षिकेचा दर्जा, वेतन आणि सलग प्रशिक्षण मिळालंच पाहिजे.

आपल्या गावच्या अंगणवाडीत एकदा सकाळी जाऊन बसा. आहाराचं विचाराच, पण आज कोणती गोष्ट सांगितली, कोणता खेळ घेतला, हेही ताईंना विचारा. गळकं छप्पर असेल, खेळणी नसतील, तर तो विषय पुढच्या ग्रामसभेत मांडा.