एका विशेषणाचा रास्त भाव

शिधावाटपाच्या दुकानाच्या पाटीवर इंग्रजीत ‘फेअर प्राइस शॉप’ आणि मराठीत ‘रास्त भाव दुकान’ असे लिहिलेले असते. तेच ‘फेअर’ विवाहविषयक जाहिरातीत वधूच्या वर्णनात उतरले की त्याचा अर्थ गोरी असा होतो. आणि तरीही भाव गोरा व वधू रास्त, असा घोटाळा रांगेत पिशवी धरून उभ्या असलेल्या कोणाही गृहस्थाच्या मनात होत नाही.

प्राचीन इंग्रजीत या विशेषणाचा अर्थ सुंदर, मनास रुचणारे, एवढाच होता. त्यावरून निरभ्र हवा फेअर झाली, गलबताला अनुकूल वारा फेअर झाला, आणि ज्याला डाग नाही ते सुंदर या न्यायाने पक्षपाताचा डाग नसलेला निवाडाही फेअर ठरला. गोऱ्यांच्या देशात सौंदर्य आणि उजळ वर्ण यांची सांगड पडली, यात नवल नाही. तेथे केस फेअर म्हटले तर ते सोनेरी समजावयाचे, ‘सुंदर’ नव्हे, आणि या ठिकाणी आपले घाईतले अनुवादक हमखास घसरतात. आपण मात्र ती सांगड उसनी घेऊन घरची करून टाकली. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून हे विशेषण निघावयास २०२० साल उजाडावे लागले. जाहिरातीतल्या वधूच्या कपाळीचे ते अद्याप पुसले गेलेले नाही.

शाळेतल्या ‘रफ’ वहीतले गणित समास आखून, खाडाखोड न करता जिच्यात उतरवावयाचे ती ‘फेअर’ वही. जुन्या कचेरीतला कारकून हेच काम खर्डा आणि साफ नक्कल या शब्दांनी उरकीत असे.

परंतु या शब्दाची खरी उतरंड गुणपत्रकात दिसते. तेथे ‘फेअर’ म्हणजे ‘गुड’च्या खालचा, ‘पुअर’च्या वरचा, उत्तीर्ण, पण पेढे वाटण्याजोगा नव्हे. इंग्रजीस हसण्याचे कारण नाही. ज्ञानदेवांच्या काळचा ‘बरवा’ म्हणजे सुंदर, आणि त्याच कुळातला आपला ‘बरा’ आज प्रकृतीची चौकशी झाली असता कसाबसा पुढे येतो.

न्यायाच्या अर्थी मात्र मराठीने एका शब्दावर भागविले नाही. फारसीतला ‘रास्त’ म्हणजे मुळात सरळ, तो भावाला लागला. अरबी ‘वाजिब’चा ‘वाजवी’ होऊन भाड्याला व अपेक्षेला चिकटला. निवाड्यासाठी संस्कृत ‘न्याय्य’ राखून ठेवला. केंद्र सरकार उसाला जो ‘रास्त व किफायतशीर दर’ ठरविते, ती पद्धत २००९-१० च्या हंगामापासूनची. पण बांधावर एवढे लांबलचक नाव घेण्यास सवड कोणाला? तेथे विचारतात, “औंदा एफआरपी किती बसली?” त्यातला ‘एफ’ म्हणजे हाच ‘फेअर’.