मशीनला पाणी दिसत नाही

बोअर घेण्याआधी ‘मशीन लावून पाणी बघितलं’ असं आता गावोगावी ऐकू येतं. पाणाड्याच्या उंबराच्या फांदीऐवजी तारा आणि सळ्या आल्या, हे चांगलंच झालं. पण हे मशीन पाणी पाहत नाही, खडकाचा विद्युतरोध मोजतं. पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याला हे आधी कळायला हवं.

चार सळ्या एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांमधला व्होल्टेजचा फरक टिपायचा. बाहेरच्या सळ्या जितक्या लांब न्याव्यात, तितका प्रवाह खोल उतरतो. म्हणूनच दोनशे फुटांखालचं जाणायला शेतात कित्येक शे फूट सरळ, मोकळी रेषा लागते. बांधाच्या कोपऱ्यात घाईघाईने तपासणी उरकून तेवढ्या खोलीचं पाणी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भाग लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा. अखंड काळा पाषाण विजेला फार अडवतो, पण त्यात पाणी जवळजवळ नसतंच. ते राहतं मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. तिथे रोध कमी भरतो. मात्र चिकणमातीतही तो कमीच भरतो, खाऱ्या पाण्यात तर फारच कमी. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात नुसता कमी आकडा बघून बोअर मारली, तर पाणी लागेल, पण पिकाला चालेलच असं नाही. धुळे-नंदुरबारकडे उभ्या, भिंतीसारख्या कठीण खडकांच्या रांगा आहेत. त्या जमिनीखाली लपल्या असतील तर शोधायला चुंबकीय मापन उपयोगी पडतं. आणि खूप खोलवरची बारीक भेग? ती आलेखात उमटतच नाही. म्हणून तपासणी करूनही काही बोअर कोरड्या जातात.

जाणकार भूवैज्ञानिक त्यामुळे सळ्या ठोकण्याआधी आसपासच्या विहिरी पाहतो, मुरूम किती फुटांवर संपला, पाणी कुठे लागलं, हे विचारतो. हे न विचारता काढलेला आलेख मला अर्धवट वाटतो.

तपासणी करून घ्याच, पण नुसत्या खुणेच्या दगडावर समाधान मानू नका. आलेख मागा, कोणत्या खोलीवर कोणता खडक अपेक्षित आहे ते लिहून घ्या. आणि अहवालात ‘इथे बोअर नको’ असं आलं, तर दुसरीकडे बोअर मारायचा हट्ट करण्याआधी त्याच पैशांत जुन्या विहिरीचा गाळ काढता येतो का, ते बघा.